पुष्पे, बेल का नाही वाजवलीस?

पुष्पे, बेल तुझ्या उशाशीच होती. हात लांब केला असतास तर लागली असती. तिची वायर कॉटच्या दांडीला गॉजच्या पट्टीनं बांधलेली होती, आणि तशी बांधायची पद्धत आपल्या अख्ख्या हॉस्पिटलात तूच पाडलीस. म्हाताऱ्या पेशंटच्या हातून बटण खाली पडतं आणि मग त्या बिचाऱ्या कॉटखाली चाचपडत बसतात, म्हणून. इतकं सगळ्यांचं करून स्वतःवर वेळ आली तेव्हा तू ते बटण दाबलं नाहीस. सलाईनची बाटली स्टँडवरून काढलीस, एका हातात उंच धरलीस आणि बाथरूमकडे चालू लागलीस. डेंग्यूनं प्लेटलेट तळाला गेलेल्या असताना. असा पेशंट तुझ्या वॉर्डात नुसता पाय खाली सोडून बसलेला दिसला असता, तर तू त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असतास.

काल तुझं तेरावं झालं. आज मला सुट्टी आहे आणि इंदिरानगरच्या या माझ्या घरात सकाळपासून मी तुझ्याशीच भांडतेय. रडून झालंय, त्याची काळजी नको. रडण्यापेक्षा राग जास्त आहे, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षाही थकवा जास्त आहे. माझ्या पंचविशीत कुणी असं गेलं असतं तर मी हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं. आता पाय इतके सुजतात की भांडायलासुद्धा खुर्ची लागते.

नर्सिंग स्कूलच्या होस्टेलवर तू पहिल्या दिवशी आलीस ती पत्र्याची ट्रंक आणि बेदाण्याचा डबा घेऊन. तू दिंडोरीकडच्या खेड्यातली, मी मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधली. वडील रेल्वेत म्हणून मला उगाचच आपण मोठ्या शहरातले आहोत असं वाटायचं. तुझं 'लय' आणि 'नाय' ऐकून मी हसले होते, आणि तू डबा पुढे करून म्हणालीस, "हस, पण आधी खा. हसायला बी ताकद लागती." त्या दिवसापासून माझ्या खाण्याचा ठेका तू घेतलास तो शेवटपर्यंत सोडला नाहीस.

इंजेक्शन द्यायला शिकताना बाकीच्या मुली मोसंब्यावर टोचत होत्या. तू बाही वर केलीस. "मोसंबं काय बोंबलतं व्हय? मला टोच. दुखलं तर सांगते ना." मी टोचलं. विचारलं, दुखलं का? "नाय." संध्याकाळी दंड टरारून सुजला होता आणि तू लांब बाह्यांचं स्वेटर घालून जेवायला आलीस. मे महिन्यात! होस्टेलच्या ताईंनी विचारलं तर म्हणालीस, थंडी वाजतेय. तुला खोटं बोलताही यायचं नाही, आणि खरंही सांगायचं नसायचं.

आपलं भांडण बेलवरूनच होतं, आठवतंय? म्हणजे नावं वेगवेगळी असायची, मूळ तेच. वॉर्ड भरलेला, सिस्टर दोघी, आणि एकाच वेळी तीन ठिकाणची बेल. माझं म्हणणं असायचं, वाजू दे. एकीकडे हातातलं काम नीट कर, बाकीच्या वाजू देत. नातेवाईक खाली जाऊन ओरडू देत. साहेबांच्या कानापर्यंत आवाज गेल्याशिवाय ते माणसं भरणार नाहीत. तू पळतेस म्हणून त्यांचं भागतं. तू एकटी तिघींचं काम ओढतेस, म्हणजे वरच्यांच्या हिशेबी दोघी कमी असलेल्या कळतच नाहीत.

तू ट्रॉली ढकलता ढकलता ऐकून घ्यायचीस. एकदा थांबलीस. म्हणालीस, "सुरे, तुझं सगळं बरोबर हाय. पण तीन नंबरची म्हातारी ओल्या चादरीवर पडलीय. ती मॅनेजमेंट हाय का? तिनं का म्हणून तुझ्या आंदोलनात पडून राहायचं?" पण माझा मुद्दाही खोटा नव्हता, पुष्पे. तीन नंबरच्या म्हातारीची चादर तू बदललीस, आणि तिच्यामागून आलेल्या शंभर म्हाताऱ्यांसाठी सिस्टर दोघीच राहिल्या.

बाहेरच्यांना आपल्या कामाचं काय दिसतं? नर्सेस डेचा केक आणि गुलाबाचं फूल. कोरोनात आपण देवदूत झालो होतो, आणि त्याच दिवसांत माझ्या बिल्डिंगमधल्या बाईनं मला लिफ्टमध्ये शिरू दिलं नव्हतं. ट्रॉलीच्या आड उभ्यानं खाल्लेला डबा कुणाला दिसत नाही. ड्यूटी संपेपर्यंत लघवी दाबून धरल्यानं आपल्यातल्या निम्म्या जणी सारख्या आजारी असतात, हे आपण डॉक्टरांनासुद्धा सांगत नाही, एकमेकींना गोळ्या देतो. खाजगीतल्या पोरींची मूळ सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात अडकलेली, सोडून जायचं म्हटलं तर ती मिळायची नाहीत. स्थळ बघायला आलेले विचारतात, नाईट असते का? पुन्हा त्यांच्याच घरचं कुणी आजारी पडलं की पहिला फोन आपल्याला.

हल्ली चेंजिंग रूममध्ये पोरी जर्मन पाठ करतात. एप्रन चढवता चढवता त्यांचं ते घशातलं उच्चारण चाललेलं असतं. तू एकीला विचारलंस, "तिकडं जाऊन काय करणार गं?" ती म्हणाली, "नर्सिंगच, मॅडम." तू म्हणालीस, "म्हणजे तिकडं बी ढुंगणच पुसायचं. मग हितलं काय वाईट हाय?" ती पोरगी हसली नाही. म्हणाली, "मॅडम, तिकडे एका सिस्टरला जेवढे पेशंट झेपतात तेवढेच देतात." नंतर मला म्हणालीस, जाऊ दे तिला, चांगली पोरगी हाय. तिला जर्मनचा क्लास लावायला दुपारची पाळी नको होती, तर तीन महिने तिच्या दुपारच्या पाळ्या तूच केल्यास. तुझं हे असंच. पटायचं नाही तरी खांदा द्यायला पुढे.

मग तुझ्या गौरीची बारावी झाली, आणि आपल्या भांडणाला नवं नाव मिळालं. तिला नर्सिंगला जायचं होतं. तू खूश. "हातात काम ऱ्हातं सुरे. कुठंही गेली तरी उपाशी मरायची नाय. नवरा कसा का निघंना." मी म्हटलं, हातात काम राहतं, पण बाकी काय राहतं ते स्वतःकडे बघून सांग. मी तुला सांगितलं होतं की मी मध्ये पडणार, पोरीला समोर बसवून सगळं सांगणार. ती तुझ्याकडे बघून हे क्षेत्र निवडतेय, आणि तुझ्याकडे बघून शिकण्यातली एक गोष्ट मला तिनं अजिबात शिकायला नको होती. ती कुठली ते मला तेव्हा नीट सांगता येत नव्हतं. आता येतं.

तू ॲडमिट झालीस तेव्हा तुझ्याच मजल्यावर, तुझ्याच पोरींच्या हाती. सकाळी मी वरून माझ्या वॉर्डातून खाली आले तर तू सलाईनचा वेग स्वतःच कमी-जास्त करत होतीस. मी हातावर चापट मारली. उपमा आणला होता, दोन चमचे खाल्लास. मग मी पुन्हा गौरीचा विषय काढला. मला काय माहीत होतं! तू डोळे मिटून म्हणालीस, "उद्या भांडू गं. आज ताकद नाय." आपल्या दोघींच्या इतक्या वर्षांत भांडण पुढे ढकलण्याची ती पहिलीच वेळ. मला तेव्हाच समजायला हवं होतं की तुला किती बरं नाही.

दुपारी ओव्हर चालू होती. सकाळच्या पाळीनं दुपारच्या पाळीला एकेक पेशंट समजावून सोपवायचा, ही आपल्याकडे पूजेसारखी गोष्ट, आणि ती तशी तुझ्यामुळे. ओव्हर चालू असताना मध्ये बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही. "औषधं चुकतात ती ह्याच वेळी," असं सांगून तू पोरींना दम द्यायचीस. शेजारच्या कॉटवर निफाडकडच्या एक आजी होत्या, त्यांची सून जवळ बसलेली. तिनंच मला सगळं सांगितलं. तू उठायला लागलीस तेव्हा ती म्हणाली, थांबा ताई, मी बेल दाबते. तू तिचा हात धरलास. "नको, नको. ओव्हर चालूय पोरींची. त्यात एकजण पेशंटला घेऊन खाली गेलीय. होऊ द्या त्यांचं. हितंच तर हाय बाथरूम."

दुसरं कुणीही माणूस असतं तर बेल वाजवली असती. मजल्यावर किती जणी आहेत, कोण खाली गेलंय, कुठली वेळ वाईट, हे दुसऱ्या कुठल्या पेशंटला कळतं? ते कळणारी एकच पेशंट त्या मजल्यावर होती. तू दारापर्यंत पोचलीस, चक्कर आली आणि बेसिनची कड डोक्याला लागली. वरवर तर जखमही फारशी नव्हती, पण प्लेटलेट नसल्यानं आत डोक्यात रक्तस्राव होत राहिला. संध्याकाळपर्यंत तू बोलेनाशी झालीस. पुढचं मी लिहीत नाही, तुला त्यातलं सगळं माहीत आहे, तू अशा कितीतरी जणांच्या उशाशी उभी राहिलीस.

दहावा इथल्या गंगेच्या घाटावर झाला आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलनं शोकसभा ठेवली. ओपीडीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. तुझा आयकार्डवरचा फोटो मोठा करून लावलेला. त्यात तू चोरी पकडल्यासारखी दिसतेस, मी तुला हजारदा सांगितलं होतं की दुसरा काढ. पहिल्या रांगेत तुझे मालक आणि गौरी. ॲडमिनचे साहेब बोलायला उभे राहिले. बरंच चांगलं बोलले, डोळेही पुसले, माणूस वाईट नाही. पण मग म्हणाले, "स्वतः आजारी असतानाही त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना त्रास दिला नाही. साधी बेलसुद्धा वाजवली नाही. ह्याला म्हणतात सेवा. नव्या पिढीनं हा आदर्श घ्यावा." आणि असं म्हणताना त्यांनी गौरीकडे पाहिलं. सगळ्यांना माहीत होतं ती नर्सिंगला जाणार म्हणून. गौरीनं मान ताठ केली. रडत होती, पण तिच्या चेहऱ्यावर एक असा अभिमान आला की मला बसून राहवेना.

माझं नाव वक्त्यांत नव्हतं. मी उठले. माझा आवाज सभेत बोलायचा नाही, वॉर्डात ओरडायचा आहे, तो तसाच निघाला. म्हटलं, "साहेब, पुष्पा माझी मैत्रीण. तिनं बेल वाजवली नाही हे खरं. पण त्याला आदर्श म्हणू नका. तिला माहीत होतं की पाळीला दोघीच आहेत आणि त्यातली एक खाली गेलीय. तुमच्या माझ्यासारखं माणूस तिथं असतं आणि वाजवत सुटलं असतं, तर आज जिवंत असतं. ती वाजवायला लाजली, कारण इतकी वर्षं तिनंच एकटीनं सगळ्यांच्या बेल उचलल्या. उद्या कुठल्या पोरीनं तिचा हा आदर्श घेतला तर तिचाही फोटो इथंच लागेल." एवढं बोलून बसले. मग साहेबांनी माइकवर "धन्यवाद सिस्टर" म्हटलं आणि फुलं वाहायला सुरुवात झाली.

आता मला वॉर्डातून काढून स्टोअरला टाकायचं चाललंय असं ऐकते. "तुम्हालाही आराम हवाच आहे," असं मला सांगितलं गेलं. गंमत बघ, बसून करायचं काम मिळावं म्हणून मी किती वर्षं मागे लागले होते! तू चिडवायचीस, सुरेखाबाईंना खुर्ची पाहिजे म्हणून. मिळेल आता. नाही म्हणेन की हो म्हणेन, अजून ठरलं नाही. गुडघे हो म्हणतात.

पण एक गोष्ट मी सभेत बोलले नाही, ती तुलाच सांगते. ओव्हर करणाऱ्या त्या दोघी, एक सकाळच्या पाळीची आणि एक दुपारच्या, तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडल्या. म्हणाल्या, "मॅडम, त्यांनी वाजवली असती तर आम्ही ओव्हर टाकून आलो असतो हो. पळत आलो असतो." आणि त्या आल्या असत्या, पुष्पे. मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं ते. माणसं कमी होती हे सगळं खरं, त्याचं पाप ज्यांचं त्यांच्या माथी. पण त्या दोघी आल्या असत्या. तू त्यांना यायची संधीच दिली नाहीस. आयुष्यभर तू सगळ्यांच्या हाकेला धावलीस, आणि तुझ्या हाकेला कुणी धावेल यावर तुझा विश्वासच नव्हता. ह्याचा मला राग आहे. त्यात मीही आले ना. मी तर एक मजला वर होते.

सभेनंतर गौरी माझ्याशी बोलली नाही. जिन्यात गाठून एवढंच म्हणाली, "मावशी, ते आईचं चांगलं बोलत होते. तू सगळ्यांसमोर असं का केलंस?" मी म्हटलं, तुझ्यासाठी. "मला नको होतं," म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर फोन नाही, मेसेज नाही. मला वाटलं, पुष्पी तर गेलीच, आता हीपण गेली. लहानपणी तुझ्या नाईट असल्या की माझ्याकडे झोपायची पोरगी. खरं सांगते, साहेबांची भीती मला कधी वाटली नाही, पण ही पोरगी परत बोलेल की नाही या विचारानं दोन घास जात नव्हते.

काल तेराव्याला तुझ्या घरी गेले. दिंडोरीहून तुमची सगळी माणसं आलेली, टेंपो भरून. गच्चीवर मांडव, गोडाचं जेवण. पुरुष मंडळी सतरंजीवर, बायका जिन्यापाशी, सगळ्यांचं बोलणं हळू आवाजात. आणि गौरी? तू असतीस तर जे केलं असतंस तेच करत होती. पाणी दे, पत्रावळ उचल, आत्याला गोळी दे, कुणाच्या बाळाला दूध गरम करून दे. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, हे तिचा चेहराच सांगत होता. कुणी तिला बस म्हणत नव्हतं असं नाही. सगळे म्हणत होते, बस गं पोरी. ती "हो, आलेच" म्हणून पुढे.

मी तिच्या मागून खालच्या स्वयंपाकघरात गेले. वरणाचं मोठं पातेलं गच्चीवर न्यायचं होतं. कडीला फडकं गुंडाळून ती एकटीच ते उचलायला वाकली. काठोकाठ भरलेलं, वाफा निघणारं. तिथून गच्चीपर्यंत दोन जिने. मला बघून म्हणाली, "राहू दे मावशी, तुझे पाय दुखतात. मी नेते. वर सगळे जेवायला बसलेत, कशाला कुणाला उठवायचं." सभेनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली ती हे. तुझा आवाज, तुझा शब्द न् शब्द.

मदत करायला पुढे झाले नाही मी. दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "गौरी, खाली ठेव ते. हाक मार."

"कुणाला?"

"कुणालाही. मार हाक."

"मावशी, तेराव्याच्या जेवणातून लोकांना उठवायचं? काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी तुला नर्सिंग घे म्हणत नाही, नको घेऊस असंही म्हणत नाही. ते तुझं तू ठरव. पण आधी हाक मारून दाखव. तुझ्या आईला हे एवढं येत नव्हतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं तिनं पाहिलं. मग तिचा चेहरा वाकडा झाला, आणि सभेपासून अडवून धरलेलं सगळं एकदम फुटलं. पातेलं तिनं खाली ठेवलं. जिन्याच्या तोंडाशी गेली आणि रडत रडतच ओरडली, "मामा! अहो कुणीतरी या ना! मला एकटीला नाही उचलत!"

वर सतरंजीवर धडपड ऐकू आली, कुणाचं तरी पाण्याचं भांडं लवंडलं. तुझा भाऊ उष्ट्या हातानं जिना उतरत आला. त्याच्यामागे तुझे मालक. त्यांच्यामागे दोन पोरं. आत्याबाई गुडघे धरत येऊन म्हणाल्या, "अगं माझे बाई, सांगायचं नाय का आधी?"

सगळे आले गं, पुष्पे. एवढंच करायचं होतं.